पाठ झालेला तक्ता

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला केबिनमध्ये जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्या हात जोडतो.

मी निघताना तू बजावलं होतंस, फोन करू नकोस, फोनवर तू 'मजेत आहे' एवढंच म्हणतोस, पत्र लिही. तर हे पत्र. आणि खरं सांगायचं तर मजेत आहे.

ट्रक हातात येऊन तीन आठवडे झाले. चौदा चाकी आहे आणि हॉर्न असा, की वाजवला की माझा मीच दचकतो. कारखान्यातून फरशा भरायच्या, बंदरावर उतरवायच्या, रिकामं परत यायचं. जाऊन येऊन दोन दिवस. ट्रक पुढे नेणं मला वाटलं होतं त्याहून सोपं आहे आणि मागे घेणं पुष्कळ अवघड. डेपोतल्या कचऱ्याच्या पिंपाला विचार. आता त्याला पिंप म्हणवत नाही.

खोलीत आम्ही चौघं. माझ्या खालच्या पलंगावर एक वयस्क ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर काढली आहेत. त्यांच्या ट्रकवर लाल ताडपत्री असते. मी आपला त्या ताडपत्रीच्या मागे मागे जातो, म्हणजे रस्ता चुकायला नको. एकदाच चुकलो, काका रजेवर होते त्या दिवशी. वळणाची पाटी मागे गेल्यावर कळलं की ती वळणाची पाटी होती. इथे पाट्या इतक्या बारीक अक्षरांत रंगवतात, की अगदी खाली जाऊन उभं राहिल्याशिवाय वाचता येत नाहीत. रंगवणाऱ्याला आपल्या चष्म्याच्या दुकानात आणून बसवला पाहिजे.

आणखी एक गंमत. इथे माझं नाव 'साहेब' पडलं आहे. समोरून कुणी हात केला तरी मी म्हणे ओळख देत नाही. तुझ्या भावाला असा मान कुणी दिला होता का आजवर?

पगार दुकानातल्या माझ्या मिळकतीच्या जवळजवळ तिप्पट आहे, खाणंपिणं वेगळं. दहा महिन्यांचा करार नोव्हेंबरात संपतो. काचा घासायचं ते नवं यंत्र दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असं व्यापाऱ्याला पुन्हा एकदा सांगून ठेव. समोरचा शोरूमवाला तासाभरात चष्मा देतो ना? आपणही देऊ. मी परत येईन तो यंत्राचे पैसे घेऊनच.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
छोट्या

०

११ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

पत्र मिळालं. तुझ्या भाऊजींनी ते मोठ्यांदा वाचलं आणि पिंपाच्या ठिकाणी थांबून चहा सांडेपर्यंत हसले.

मला मात्र 'साहेब' वाचून हसू आलं नाही. ज्यांच्याबरोबर राहायचं, खायचं, त्यांनी हात केला तर हात करायला काय पैसे पडतात? बाबा रस्त्यावरच्या झाडूवाल्यालाही नाव घेऊन हाक मारायचे. दोन दिवस मोठी गाडी हाकली की लगेच मान ताठ? तू असा नव्हतास. उद्यापासून दिसेल त्याला आधी तू हात करायचास, हे माझं सांगणं समज.

दुकानाचं विचारशील तर तुझं काचा घासायचं जुनं चाक बंद आहे. काचा बाहेरून घासून आणते, त्यात तीन दिवस जातात आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. शिवणाच्या बाई परवा आल्या होत्या. चष्मा नाकावरून घसरतो म्हणाल्या. मी दांड्या वाकवून दिल्या, तर म्हणतात, "तुमच्या भावाचा हात निराळा आहे, तो आला की येईन." नोव्हेंबरपर्यंत त्या चष्मा हाताने धरून शिवणार आहेत की काय देवाला ठाऊक.

समोरच्या शोरूमने आता आपोआप उघडणारं दार बसवलं आहे. दिवसभर उघडतं आणि मिटतं. मी इकडे बसून बघते आणि माझं डोकं फिरतं. पण मी दुकान सोडणार नाही आणि बाबांच्या नावाची पाटीही काढणार नाही. यंत्राच्या व्यापाऱ्याकडून मी लिहून घेतलं आहे, त्यामुळे तू त्याची चिंता करू नकोस.

एक सांग. तुझ्या कंपनीत रात्रीच्या खेपेला जास्त मिळतं असं तू जाण्याआधी सांगत होतास. ती तू घेतोस का? घेत असशील तर झोप कधी होते?

तुझी,
ताई

०

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझी आज्ञा शिरसावंद्य. गेला आठवडाभर मी दिसेल त्याला हात करतो आहे. त्यात दोनदा डिझेलच्या पंपाला आणि एकदा भिंतीला टेकून ठेवलेल्या फळीला केला. काका म्हणाले, "साहेब आता फारच खाली उतरले."

रात्रीची खेप मी घेत नाही. समोरून येणाऱ्या दिव्यांची कारंजी होतात, रस्ता कुठे आणि कठडा कुठे ते समजत नाही. नव्या माणसाला असं होतंच, सवय झाली की जाईल. रात्रीची खेप घेतली असती तर सप्टेंबरातच यंत्राचे पैसे जमले असते, पण असू दे.

तुला एक सांगायचं राहिलंच. भरती होताना डोळ्यांची तपासणी झाली, त्याची मजा. मी डॉक्टरच्या खोलीत गेलो तर भिंतीवर कोण? आपला तक्ता! तोच, दुकानातला. तोच वरचा मोठ्ठा 'ट', त्याच्याखाली 'ग न', त्याच्याखाली 'ल ख प'. डॉक्टरने डावा डोळा झाकायला सांगितला आणि मी धडाधडा शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून मोकळा. त्याला पट्टी फिरवायलाही वेळ मिळाला नाही. म्हणाला, "घारीची नजर आहे तुमची." मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात वाढलोय डॉक्टर. हा तक्ता मी झोपेतही म्हणेन.

शिवणाच्या बाईंना सांग, डाव्या दांडीला कानामागे थोडा जास्त बाक द्यायचा. त्यांचा डावा कान जरा पुढे आहे.

तुझा,
छोट्या

०

२७ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पत्र दुपारी आलं. तपासणीचं वाचलं. एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं, त्याला मी उद्या या म्हणून सांगितलं.

मग तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. बारीक अक्षरांच्या पाट्या. लाल ताडपत्री. ओळख न देणारे साहेब. पंपाला केलेला नमस्कार. दिव्यांची कारंजी. माझ्याकडे कुणी गिऱ्हाईक येऊन यातली एक गोष्ट बोललं असतं तर मी त्याला उठून खुर्चीत बसवलं असतं. तू सगळ्याच लिहिल्यास आणि मी तुला मान ताठ झाली म्हणून रागावले.

तुझी चूक नाही. माझीच आहे. जानेवारीत तू जायच्या आधी मी तुला दुकानात तपासलं होतं ना? कुठल्या तक्त्यावर? ज्याच्यावरून आपण दोघं शाळेत जायच्या आधी अक्षरं शिकलो, त्याच. बाबा तुला काउंटरवर बसवायचे आणि तू गाणं म्हटल्यासारखा सगळा तक्ता म्हणायचास, आलेले लोक हसायचे. मला हे माहीत असून मी तुला त्याच्यासमोर बसवलं, तू म्हणून दाखवलास आणि मी वहीत 'नजर उत्तम' असं लिहिलं. मी, डिप्लोमा घेतलेली बाई. त्या वहीकडे बघवत नाही मला.

हातभर अंतरावर तुझ्याइतकं बारीक कुणाला दिसत नाही, हे खरं आहे. आयुष्यभर तू टेबलावर वाकून काम केलंस, त्यामुळे लांबचं दिसत नसेल ही शंका तुलाही आली नाही आणि मलाही. पण तिथे तुझ्या हातात चौदा चाकं आहेत.

मला खरं सांग. काकांच्या ट्रकचा नंबर तुला किती अंतरावरून वाचता येतो? पावलं मोजून लिही. आणि उत्तर येईपर्यंत गाडीवर चढू नकोस.

ताई

०

८ मार्च

ती. ताईस,

तू उगाच घाबरतेस. मी ठणठणीत आहे. पाट्यांचं मी गमतीने लिहिलं होतं आणि तू त्याचा रोग करून ठेवलास. तुला समोर बसेल त्याच्या डोळ्यांत काहीतरी सापडतं, ही तुझी जुनी खोड आहे. लग्नात तू भाऊजींचाच नंबर काढला होतास हे मी विसरलेलो नाही.

नंबर मला चांगला वाचता येतो. पावलं मोजली नाहीत, कारण डेपोत पावलं मोजत फिरलो तर 'साहेब'चं आणखी काहीतरी होईल.

गाडीवर चढू नकोस म्हणतेस, पण गाडीवर चढलो नाही तर इथे मी कशाला आहे? जवळजवळ दोन महिने झाले. आठ राहिले. दात आवळून काढीन, पण काढीन. तू फक्त दुकान सांभाळ.

छोट्या

०

१२ मार्च

प्रिय छोट्या,

दुकान मी सांभाळते आहे. तू पावलं मोजली नाहीस, म्हणून मी मोजायचं सोपं करून पाठवते.

सोबत गुंडाळी आहे. ती उघडू नकोस, आधी हे वाच. मी हाताने नवा तक्ता काढला आहे. यातली अक्षरं तू कधी पाहिलेली नाहीस. कारण मीही परवापर्यंत पाहिली नव्हती, तुझ्या भाऊजींनी टोपीतून चिठ्ठ्या उचलल्या आणि मी लिहीत गेले. काकांना सांग, उजेडात भिंतीशी धरा. सोबत दोरी आहे, ती बरोबर सहा मीटर आहे. दोरीच्या टोकाला उभा राहा, एकेक डोळा झाक आणि दिसेल ते काकांना सांग. त्यांनी लिहून घ्यायचं. चुकलं तर चुकलं म्हणून लिही. मी तुझी बहीण आहे, आरटीओ नाही.

खालच्या ओळी लहान होत जातात. जिथे दिसायचं थांबेल तिथे थांब.

ताई

०

१९ मार्च

ती. ताईस,

घे तुझी परीक्षा. काकांनी तक्ता धरला, मी दोरीच्या टोकाला उभा राहिलो. सोबत काकांच्या हातची उत्तरं आहेत, तपासून बघ, एक अक्षर चुकलं असेल तर नाव बदलीन. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. आणि ती ओळ वाचून इतका हसलो की काकांच्या हातून तक्ता पडला. भाऊजींची अर्धी मिशी खरंच गेली? आरशात बघून दाढी करत होते की पेपर वाचत?

आता तरी झोप नीट लागेल ना तुला? मला उद्या पहाटे निघायचं आहे.

तुझा,
छोट्या

०

२२ मार्च

छोट्या,

तुझ्या भाऊजींची मिशी जागच्या जागी आहे.

ती ओळ मी बाबांच्या भिंगाखाली, सगळ्यात बारीक निबाने लिहिली होती. हातात धरूनही नाकाजवळ न्यावी लागते. सहा मीटरवरून ती रेघेसारखीही दिसत नाही, मला नाही, भाऊजींना नाही, कुणालाच नाही. मुद्दाम लिहिली. तू खरं बोलतोस की नाही हे मला कळायला हवं होतं, आणि मनातून वाटत होतं की तू वरून चौथ्या ओळीला थांबशील आणि मला स्वतःचीच लाज वाटेल.

तू तक्ता हातात घेऊन वाचलास आणि काकांकडून लिहवून घेतलंस. इतकी वर्षं एकमेकांना ओळखतो आपण, खोटं बोलताना तू नेहमी जरा जास्त हसतोस.

तुला दिसत नाही, छोट्या. आणि ते तुला माहीत आहे. मला खोटं सांगितलंस त्याचं मी गिळीन. पण त्या रस्त्यावर लोक आहेत. शाळेत जाणारी पोरं आहेत, सायकलवाले आहेत. त्यांना तुझ्या यंत्राशी आणि माझ्या दुकानाशी काय देणंघेणं? यंत्र नाही आलं तर नाही आलं. मी त्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोर म्हातारी होईन, पण असं आलेलं यंत्र माझ्या दुकानात ठेवणार नाही.

पाच एप्रिलपर्यंत तू स्वतः तुमच्या मॅनेजरबाईंना सांग. नाही सांगितलंस तर सहाला मी लिहीन. तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल. पण मी लिहीन.

ताई

०

६ एप्रिल

डेपो मॅनेजर यांस,
स. न. वि. वि.

आपल्याकडे जानेवारीपासून फरशांच्या गाडीवर असलेला ड्रायव्हर, ज्याला आपल्याकडे 'साहेब' म्हणतात, तो माझा धाकटा भाऊ. त्याला लांबचं नीट दिसत नाही. आपल्या डॉक्टरांकडचा तक्ता त्याला लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे तपासणीत ते कळलं नाही. मी डोळे तपासण्याचंच काम करते आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही, तेव्हा डॉक्टरांना दोष देऊ नये.

त्याची दुसऱ्या तक्त्यावर तपासणी होईपर्यंत त्याला गाडी देऊ नये ही विनंती. त्याला बहुधा साधा चष्मा लागेल. तो कामाला प्रामाणिक आहे, हे मी बहीण म्हणून नाही, त्याच्याबरोबर सतरा वर्षं काम केलेली म्हणून लिहिते. कृपा करून त्याला काढून टाकू नये.

आपली,
ड्रायव्हरची बहीण

०

५ एप्रिल

ताई,

हे पत्र तुला सात-आठ तारखेला मिळेल. तोवर तू मॅनेजरबाईंना लिहिलं असशील. लिहिलंस तर बरं केलंस. पण किल्ली मी आज सकाळीच देऊन आलो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग तुकडे खिशात घालून चार खेपा केल्या. मनात तुझ्याशी भांडत होतो. दोरीच्या टोकावरून मला तीन ओळी दिसल्या होत्या, ताई. तीनच. काका म्हणाले, चल, जवळ ये आणि वाच, बहिणीला कशाला काळजी. आणि मी गेलो. मला वाटलं, आठ महिने तर काढायचे आहेत, सावकाश चालवीन, दिवसाच चालवीन.

काल भर दुपारी परत येत होतो. गाडी रिकामी होती. काका पुढे निघून गेले होते. रस्त्याचं काम चालू होतं. मला लांब काहीतरी उभं दिसलं. वाटलं, झाड असेल, किंवा खांब. मग ते हललं. लाल निशाण घेऊन एक बाई उभी होती आणि ती किती वेळ ते हलवत होती कोण जाणे. मी ब्रेकवर उभा राहिलो. रस्ता अडवायला मांडलेली पिंपं उडाली. डांबर टाकणारी माणसं खड्ड्यात उड्या टाकून वाचली. गाडी थांबली तेव्हा ती बाई आणि बंपर यांच्यामध्ये आपलं काउंटर मावेल एवढंच अंतर होतं. ती हललीच नव्हती. निशाण तसंच वर.

मग ती आली आणि दारावर मूठ आपटून ओरडली, "दिसत नाही का तुला?"

मी काच खाली केली आणि म्हणालो, "नाही."

तिला वाटलं मी उलट बोलतोय. ती आणखी ओरडली. मी पुन्हा म्हटलं, "खरंच नाही दिसत, बाई." तुला मी जे दोन महिने सांगितलं नाही ते मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. तिने आपल्या माणसांपैकी एकाला बोलावून गाडी कडेला घ्यायला लावली. डेपोतून दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. मी बाजूला बसून आलो.

मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं, तक्त्याचंही. त्यांनी मला काढलं नाही. माल चढवायच्या धक्क्यावर ठेवलं आहे, पगार निम्म्याहून कमी. चष्मा करून पुन्हा तपासणी दिली आणि पास झालो तर बघू म्हणाल्या. उद्या इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जातो. कागद पाठवतो.

मला माफ कर. तू विचारलं होतंस आणि मी खोटं बोललो.

तुझा,
छोट्या

०

१७ एप्रिल

प्रिय छोट्या,

तुझं पत्र आठला मिळालं. माझं सहालाच गेलं होतं, मॅनेजरबाईंच्या नावाने. ते मी लपवणार नाही. तू आधी गेलास हे वाचून मी दुकानात एकटी बसून रडले. लाजेने, आणि आनंदानेही. ती माणसं वाचली म्हणून, आणि किल्ली तुझी तू दिलीस म्हणून.

दवाखान्याचा कागद मिळाला. उजवा सव्वादोन, डावा पावणेदोन, दोन्ही वजा. एवढा नंबर घेऊन तू अडीच महिने चौदा चाकं चालवलीस. मला त्याचा विचार करवत नाही, म्हणून मी काम केलं.

काचा बाहेर दिल्या नाहीत. तुझं चाक चालू केलं आणि स्वतः घासल्या. पहिल्या दोन फुटल्या. तिसरी इतकी लहान झाली की बाहुलीला बसली असती. तू हे काम सतरा वर्षं करत होतास आणि मी तुला सारखी म्हणायचे, "झालं का? गिऱ्हाईक थांबलंय." पुन्हा म्हणणार नाही. निदान वर्षभर तरी.

चष्मा सोबत आहे. फ्रेम तुला आवडणार नाही, पण ती दणकट आहे आणि कानाला घट्ट बसेल. डावी दांडी सैल वाटली तर स्वतः वाकव, माझा हात निराळा आहे.

पहिले दोन दिवस जमीन वर आल्यासारखी वाटेल. पायऱ्या जपून उतर. सवय होईपर्यंत ट्रकचं नावही काढू नकोस.

तुझी,
ताई

०

६ मे

ती. ताईस,

आधी भांडतो. तुझं पत्र मॅनेजरबाईंनी माझ्यासमोर वाचलं आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात बाईच गाडी चालवते वाटतं." सगळ्या धक्क्यावर दोन दिवस तेच चाललं होतं. झालं माझं भांडून.

चष्मा घातला. फ्रेम भयंकर आहे. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर आपटलो, दुसऱ्या दिवशी डेपोतल्या सगळ्यांचे चेहरे दिसले. जो माणूस मला इतके दिवस तरुण आणि हसतमुख वाटत होता तो पन्नाशीचा आणि सदा वैतागलेला आहे. मी सगळ्यांना हात करत सुटलो. आता सगळे मला टाळतात.

सोमवारी तपासणीला गेलो. डॉक्टर तोच, तक्ता तोच. मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "हा नको, हा मला पाठ आहे." डॉक्टर वैतागला, म्हणाला, माझ्याकडे एकच आहे. मी म्हटलं, मग मी बसून राहतो. बाहेर रांग वाढली. शेवटी त्याने मला खिडकीशी नेलं आणि पलीकडच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर वाचायला लावले. तो स्वतः खाली जाऊन एकेक पडताळून आला, धापा टाकत. सगळे बरोबर. पास झालो, ताई. परवापासून गाडीवर. परवान्यावर आता 'चष्म्यासह' असा शिक्का आहे.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. बाहेर आलो तर रांगेतली माणसं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. जवळ जाऊन ऐकलं. 'ट. ग न. ल ख प.' दार अर्धं उघडं असतं, आतला म्हणतो ते बाहेरचे ऐकतात आणि घोकून ठेवतात. खोलीवर येऊन काकांना विचारलं, काका, तुम्हाला किती दिसतं? काका हसले. म्हणाले, "अरे, तू माझ्या ताडपत्रीच्या मागे येतोस, मी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेच्या मागे जातो." मी दोन महिने ज्यांच्या भरवशावर चालवत होतो, ते काका!

मी मॅनेजरबाईंकडे गेलो. आधी काकांना विचारलं, त्यांच्या नकळत गेलो नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा, सांग. मलाही भीती वाटतेच." डेपोत एकतीस ड्रायव्हर आहेत. मॅनेजरबाई म्हणाल्या, सगळ्यांची पुन्हा तपासणी करू. ज्याला चष्मा लागेल त्याला तो मिळेपर्यंत धक्क्यावर काम, घरी कुणालाच पाठवायचं नाही. हे मी त्यांच्याकडून कागदावर घेतलं. तुझाच भाऊ आहे.

पण तपासणार कोण? तो डॉक्टर आणि तो तक्ता? मी म्हटलं, माझी बहीण आहे. ये ना, ताई. एक दिवस दुकान बंद ठेव. यंत्र नोव्हेंबरात येणार नाही, धक्क्यावर गेलेला महिना भरून काढावा लागेल. व्यापाऱ्याला जानेवारीचं सांग. तो नाही म्हणाला तर दुसरं शोधू, पण मी घेऊन येणार आहे.

काल चाचणीच्या फेरीत त्या रस्त्याने गेलो. काम अजून चालू आहे. ती बाई लांबूनच दिसली, निशाण दिसलं, हातमोज्याचं भोकसुद्धा दिसलं. मी केवढा तरी आधी वेग कमी केला आणि हात वर केला. तिने ओळखलं नाही. मागच्या गाड्यांना थांबवत होती.

तुझा,
छोट्या

०

११ मे

प्रिय छोट्या,

येते. रविवारी सकाळच्या गाडीने. तुझे भाऊजी सामान उचलायला येताहेत, त्यांना हात कर.

दारावर पाटी लावली आहे: 'दुकान एक दिवस बंद.' बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. शिवणाच्या बाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाल्या, "मग माझा चष्मा घेऊन जा, भावाकडून दांडी वाकवून आणा." तो पिशवीत आहे. यंत्राच्या व्यापाऱ्याने जानेवारीला हो म्हटलं आहे. आधी नाही म्हणत होता. मी त्याच्या दुकानात खुर्ची घेऊन बसले.

चार नवे तक्ते केले आहेत आणि दर आठ माणसांनी तक्ता बदलणार आहे. खोलीचं दार बंद राहील. दारात काकांना बसवायचं, पण आधी त्यांची तपासणी करून. त्यांना सांग, घाबरू नका. चष्मा लागला तर मी स्वतः घासून देईन. आता तीन काचांत एकच फुटते.

तू पास झालास हे मला माहीत आहे. डॉक्टर जिना उतरून नंबर पडताळून आला हेही वाचलं. तरी रांगेत पहिला तू उभा राहायचं आहेस. तिथे मी तुला ओळखणार नाही, काही बोलणार नाही, नुसती पट्टी ठेवीन आणि तू दिसेल ते सांगायचंस. जानेवारीत मी भावाला तपासलं होतं. ते माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

ताई